बोरन्हाणाची बोरं

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन
२ जानेवारी १९९५

चि. उषास,

गोजरबाईचा आशीर्वाद. धर्माच्या दोन्ही गालांना माझा एकेक मुका. आम्ही इथं बरे हाओत, तुम्ही तिथं कोचीनला भावाकडं बरे असाल असं धरून चालले.

माझं पत्र पाहून तुला नवल वाटलं असंल. पत्ता कुठून मिळाला म्हणशील. आपली शेजारीण शकीला, जिच्याकडून तू मेंदी आणायचीस, तिचा मालक पाशामियाँ फळं घेऊन राजूरच्या बाजाराला जातो. तुझ्या भावाची सासुरवाडी तिथं गणपतीच्या देवळामागं. त्यांच्याकडून त्यानं कागदावर लिहून आणला. कोचीन समुद्राला लागून हाय म्हणतो. पोराला पाण्याजवळ जाऊ देऊ नको.

इकडची खबर अशी. कपिला व्याली, गोऱ्हा झाला. तू लावलेली जाई न्हाणीच्या छपरावर चढली अन् आता खाली उतरायचं नाव घेत न्हाई. धर्माच्या आजोबांचा गुडघा दुखतो, पण दुखतो म्हणायचं न्हाई, बैलावर वरडायचं. तुला माहीतच हाय.

बांधावरच्या गावरान बोरींवर उमराण जातीचे डोळे भरून कलम केलं होतं ना, त्यांना औंदा पहिल्यांदा भरून माल आला. फांद्या वाकल्यात नुसत्या. डोळे कोणी भरले ते तुला सांगायला नको. माझ्या लेकाचं नाव अजून माझ्या पेनातून उतरत न्हाई, म्हणून लिहीत न्हाई.

आता कामाचं बोलते. संक्रांत आली. रथसप्तमीपर्यंत कधी बी धर्माचं बोरन्हाण करशील ना? पोराला पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, मुरमुरे ओतायचे, पाच वर्षांचं होईस्तोवर. आपल्या घरातल्या पोराच्या डोक्यावर आजवर विकतची बोरं पडली न्हाईत. तिथं मिळत असतील, न्हाई असं न्हाई. पण आपली ती आपली.

अडचण एकच. उमराणचं बोर तोडलं की आठवड्यात तांबडं पडतं, सुरकुततं, अन् पार्सल त्याच्याहून जास्त दिवस खातं. तर रेडिओवर शेतीच्या कार्यक्रमात एक बाई सांगत होत्या, फळाला झाडाच्या डिंकाचा लेप दिला तर ते जल्दी सुकत न्हाई. मी म्हणले, डिंकाची काय कमी हाय, बाभळी तर दारात हायेत. तसा लेप देऊन बोरं पाठवून राह्यले. कशी पोचली ते कळव.

धर्माच्या आजोबांना सांगितलेलं न्हाई. सांगायचं तरी काय, बोरंच तर हायेत.

तुझी सासू,
गोजरबाई

⁂

पिंपळगाव रेणुकाई
१२ फेब्रुवारी १९९५

चि. उषास,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. "आत्याबाई, बोरं मिळाली. वरवंट्यानं फोडावी लागली." दीड वर्षानं पहिलं अक्षर धाडलंस अन् ते बी असलं! वाचून मी एवढी हसले की ठसका लागला. शकीलाला वाचून दाखवलं तर ती ओट्यावर बसकणच मारून बसली. "अगे माँ, गोजरबाई, बेर भेजे के लड्डू भेजे तुम?" आता येता जाता मला लाडूवाली म्हणती.

चुकलं काय ते माझ्या ध्यानात आलं. डिंक म्हणल्यावर आपल्या बायकांना एकच गोष्ट ठाऊक, बाळंतिणीचे लाडू. मी तसाच घट्ट पाक केला, त्यात बोरं घोळली, अन् वाळायची वाट न बघता जुन्या लुगड्याच्या फडक्यात गच्च बांधली. वर्षानुवर्षं लाडू वळलेला हात, तो दुसरं काय करणार? बरं झालं तू धर्माच्या डोक्यावर ओतली न्हाईस. टेंगूळ आलं असतं लेकराला.

एक गडबड झाली. कार्ड उघडं असतं ना. पोस्टमन मेला मोठ्या आवाजाचा, त्यानं ओट्यावर उभं राहून सगळं वाचलं, अन् तिथंच धर्माचे आजोबा दाढी करून राह्यले होते. मी म्हणले, आता घर डोक्यावर घेतील. तू गेलीस त्या दिवशी ते ह्याच ओट्यावरून "पोराला ठेव अन् तू जा" म्हणले होते, अन् तू पोराला कडेवर मारून पायरी उतरलीस. तव्हापासून तुझं नाव ह्या घरात निघालं न्हाई. पण ते वस्तरा थांबवून ऐकत राह्यले. अर्ध्या गालाला फेस तसाच. जेवताना मात्र मान खाली घालून विचारलं, "पोरगं उंच झालं का, ते लिहिलंय का काही?"

लिहिलं न्हाईस तू. पुढच्या बारीला लिही.

लेपाचा नाद मी सोडला न्हाई. रथसप्तमी गेली तरी झाडाला बोरं हायेत, तव्हर शिकून घेते. शकीलाचा हात मागं भाजला होता तव्हा ती कोरफड लावायची. तिचंच म्हणणं, कोरफडीचा गर वाळला की कातडीवर पापुद्रा धरतो, तो बोरावर कामून धरणार न्हाई? मंग कोरफड तोडली, गर काढला, बोरं बुडवली. पापुद्रा मस्त बसला. चकाकायला लागली बोरं, जशी काही तेल लावून न्हाऊ घातलेली. म्हणले चव कोणाला द्यावी? धर्माच्या आजोबांनी येता येता एक उचलून तोंडात टाकलं. जे थुंकले! "विष घालून राह्यलीस का मला?" कोरफडीचं पान तोडल्यावर आतून पिवळा कडू चीक गळतो, तो पान उभं ठेवून आधी गळू द्यावा लागतो. ही अक्कल मला त्यांच्या जिभेवरून आली. मी पदर तोंडाला लावून हसत होते.

पण उषा, थुंकून झाल्यावर त्यांनी विचारलं न्हाई की हे कशासाठी चाललंय. मी बी सांगितलं न्हाई.

पत्र लिहीत जा. कार्ड नको, पाकिटातून लिही.

तुझी सासू,
गोजरबाई

⁂

पिंपळगाव रेणुकाई
६ जानेवारी १९९६

चि. उषास,

आशीर्वाद. धर्मा आता माझ्या कमरेला लागतो असं तुझ्या दिवाळीच्या पत्रात वाचलं. धर्माच्या आजोबांनी माझी कमर किती उंच ते दाराच्या चौकटीवर हातानं मापून बघितलं.

लेप ह्या वर्षी जमला. कसा ते लिहून ठेवते. बोर पूर्ण पिकू द्यायचं न्हाई, हिरवट-पिवळं असताना देठासकट तोडायचं. देठ तुटला की तिथूनच सडायला सुरुवात. कोरफडीचं पान उभं ठेवून कडू चीक गाळायचा, मंग गर काढून रवीनं घुसळायचा. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून पातळ करायचा, पाकासारखा बिलकुल न्हाई, ताकासारखा. त्यात लवंग अन् तुळशीचा काढा, म्हणजे बुरशी धरत न्हाई. सगळं मलमलच्या फडक्यातून गाळायचं. बोरं बुडवून काढायची अन् सावलीत बाजेवर पसरून वारं खाऊ द्यायचं. पाशामियाँनं अशी टोपलीभर बोरं ट्रकावर हैदराबादला धाडून बघितली. तिथला आडत्या विचारत होता म्हणे, ही कालच तोडली का.

मधात एक घोटाळा झाला होता. मला वाटलं, पातळ लेपानं इतकं टिकतं तर जाड लेपानं किती टिकंल. दोन-तीन हात दिले. वरून बोरं अशी दिसत होती जशी कालची. मी खुशीत. फोडलं तर आत आंबलेलं, दारूचा वास. शकीला नाकाला पदर लावून म्हणली, "दम घुट गया बेचारे का." बोराला बी श्वास लागतो, उषा. तोडलं म्हणून ते मेलेलं नसतं. लेप एवढाच द्यायचा की आतलं पाणी उडू नये अन् वारं बी आत-बाहेर करत राहावं. आपल्याजवळ टिकावं म्हणून गच्च कोंडलं तर आपल्याच हातानं नासतं.

आता मी काय बोरांचं बोलून राह्यले, तू समजली असशील. तू हुशार हायेस.

मला कळलंय. तुझा भाऊ दिवाळीला राजूरला आल्ता, त्यानं पाशामियाँला सांगितलं. भावाच्याच कारखान्यातले वसंतराव, साताऱ्याकडचे, बायको बाळंतपणात गेलेली, मूलबाळ न्हाई. त्यांनी तुला मागणी घातली अन् तू अजून हो म्हणली न्हाईस. पत्रात तू मला समुद्राचं लिहितेस, मासळीचं लिहितेस, तिथल्या पावसाचं लिहितेस, हे लिहीत न्हाईस. मी बी तुला कपिलेचं अन् जाईचं लिहिते. दोघी सारख्याच.

खरं सांगू? ऐकलं तव्हा मी लई रडले. दोन-चार दिवस शकीलाशी बी बोलले न्हाई. माझा रामकिसन (घे, लिहिलं नाव एकदाचं), माझा रामकिसन शहागडच्या रस्त्यावर ट्रकाखाली गेला, तव्हा वाटलं होतं ह्याच्याहून वाईट काही होणार न्हाई. मंग तू धर्माला घेऊन गेलीस. अन् आता तू दुसऱ्या घरची झालीस तर धर्मा दुसऱ्याला बाप म्हणणार, मला कोण म्हणणार आजी? मला भ्या वाटलं, उषा. मी साठीला आलेली बाई, लेकरासारखी भ्याले. चुलीपुढं बसून देवीला म्हणले, हे जमू देऊ नको. असं म्हणले मी, लपवत न्हाई.

मंग ती आंबलेली बोरं उकिरड्यावर टाकायला गेले अन् तिथंच उभी राह्यले. मनात म्हणले, गोजरे, तू करून काय राह्यलीस? उषा, तुझं वय तीस बी न्हाई. तुला आई न्हाई, लहानपणीच गेली. बाप न्हाई. भाऊ किती दिवस पुरणार? तू जन्मभर माझ्या लेकाच्या नावानं बसून राह्यलीस तर माझा लेक काही परत येत न्हाई. तू तेवढी आतून वाळून जाशील.

म्हणून सांगते, हो म्हण. माणूस चांगला असंल तर हो म्हण. माझ्याकडं बघून थांबली असशील तर थांबू नको.

धर्माच्या आजोबांना मी सांगितलं. ते म्हणले, "मंग पोरगं आपलं राहत न्हाई," अन् उठून शेतात गेले. त्यांचं मी बदलू शकले न्हाई. त्यांचं ते बघतील. सांगायचं होतं ते मी सांगितलं.

सोबत बोरं पाठवते. धर्माचं बोरन्हाण कर. पोचली कशी तेवढं कळव. बाकीचं लिहायला जड जात असंल तर नको लिहू.

तुझी,
गोजरबाई

⁂

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

पिंपळगाव रेणुकाई
९ जानेवारी १९९८

चि. सौ. उषास,

सौ. लिहिलं बघ. पहिल्या पत्राला ह्याच जागेवर पेन अडला होता. पुसायचं तर मन होत न्हाई, लिहायचं तर खोटं. नुसतं नाव लिहून पुढं गेले होते. आज अडला न्हाई.

अनेक उत्तम आशीर्वाद. वसंतरावांना नमस्कार. धर्माला अन् नव्या बाळाला माझे मुके, वाटून घ्या म्हणावं.

अगं, दोन वर्षं! त्या बारीला "बोरं ताजी पोचली, धर्माचं बोरन्हाण झालं" एवढं एक कार्ड, अन् मंग कागदाचा कपटा न्हाई. लगीन झालं ते बी मला राजूरवरून कळलं. मी मनाला समजावलं, गोजरे, तूच म्हणली होतीस ना वारं खेळू दे, मंग आता कामून पोस्टमनच्या सायकलीकडं कान लावून बसतीस? पण बसायचे. झाडाला बोरं लागली की जास्तच. मागच्या वर्षी लेप द्यायला हातच उठला न्हाई. सगळी बोरं शकीलाकडं नेऊन ओतली.

अन् परवा तुझं पाकीट आलं. तुला लेक झाली, तिचं नाव गिरिजा ठेवलं, अन् खाली शेवटी बारीक अक्षरात, जसं काही मला दिसू नये असं, "आत्याबाई, हिची पहिली संक्रांत हाय. मागायचा हक्क आता राह्यला न्हाई, तरी मागते. आपल्या झाडाची थोडी बोरं पाठवाल का?"

मी तुझ्यावर चिडले, उषा. खरंच चिडले. दोन वर्षं तू ह्या हक्कामुळं गप होतीस? मला वाटलं विसरलीस, अन् तुला वाटलं मागू कशी! शकीलाला वाचून दाखवलं तर ती डोळे पुसत म्हणली, "दोनों पागल हैं तुम."

आता नीट ऐक. आपल्या घरात पहिल्या बोरन्हाणाची बोरं आजोळची लागतात. रामकिसनच्या वेळी माझ्या आईनं पाठवली होती, बैलगाडीतून. तुझ्या गिरिजेला आजोळ कुठलं? तुझी आई तर तुला नीट आठवत बी न्हाई. मंग आजोळ म्हणजे कोण राह्यलं? मीच की. तू ह्या घरात सून म्हणून आलीस, ते नातं माझ्या लेकासंगं गेलं असंल. पण तुझ्या पहिल्या बाळंतपणात तुझ्या डोक्याला तेल मी लावलं, डिंकाचे लाडू मी केले, तू रातभर विव्हळत होतीस तव्हा हात मी धरला. हे सगळं आई करते. मंग सांग, हक्क राह्यला न्हाई असं कोणाला लिहितेस?

धर्माच्या आजोबांचं सांगते. तुझं पत्र मी त्यांना मुद्दाम दिलं न्हाई. देव्हाऱ्यापाशी ठेवलं, वाचायचं तर वाचतील. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर माणूस घरात न्हाई. बांधावर गेले तर गुडघा धरून बोरीला शिडी लावलेली, अन् एकेक बोर देठासकट तोडून राह्यले होते. काट्यांनी हात ओरबाडलेला. मी म्हणले, "अहो, गडी लावू ना." तर म्हणले, "गडी देठ तोडतात." बाजेवर बोरं वाळत होती तव्हा उन्ह सरकलं तसं बाज बी सावलीत सरकवत होते, दिवसभर. लेप एकच हात दिला. मी आणखी एक द्यायला गेले तर माझा हात धरला, "श्वास घेऊ दे त्यांना."

एवढ्या वर्षांत त्या माणसाच्या तोंडून मी असं काही ऐकलं न्हाई. मी तिथंच रडले. त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

त्यांचे निरोप दोन. पहिला वसंतरावांना. पोरीला मांडीवर घेतील तव्हा टोपरं घालायचं अन् वरून हाताचा आडोसा धरायचा, उमराण जड असतं, डोळ्याला लागंल. दुसरा धर्माला. ह्या झाडांना डोळे कसे भरतात ते शिकायला उन्हाळ्यात ये. त्याच्या बापानं वापरलेला चाकू धार लावून ठेवलाय. मी विचारलं, एकट्यालाच बोलावता का? तर म्हणले, "एकटं कसं येईल एवढ्या लांब? आणतील की घरचे." आता घरचे म्हणजे कोण ते तू समज. चौघं बी या. न्हाणीच्या छपरावरची जाई अजून तिथंच हाय, तुझी वाट बघून राह्यली.

पार्सलचं फडकं ह्या बारीला त्यांनीच शिवलं. टाके वाकडे हायेत, हसू नको. पत्ता बी त्यांच्याच हातचा. वर तुझं नाव घातलं न्हाई, वसंतरावांचं बी न्हाई. "कु. गिरिजा, धर्माची बहीण" असं लिहिलंय मोठ्या अक्षरात, अन् खाली, "पाठवणार, आजोबा."

मी म्हणले, वा रे वा! लेप मी शिकले, लाडू मी बांधले, थट्टा माझी झाली, अन् नाव तुमचं एकट्याचं? तर सुई दातात धरून म्हणतात, "फडक्यावर जागा सरली. तुझं तू पत्रात लिही."

म्हणून लिहिते.

गिरिजाची आजी,
गोजरबाई